देवणीच्या हौदावरचं कार्ड

प्रिय मन्मथ,

आज सकाळी पंपहाऊसवरून रशीदचा फोन आला. “अक्का, आपोआप सुरू होऊन राहिला, आपोआप बंद होऊन राहिला. हात लावायचं काम न्हाई आता.” एवढं ऐकलं आणि मी सवयीने तुझा नंबर लावला. तुझा फोन माझ्याच पर्समध्ये वाजला.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी. गेलेल्या माणसाला फोन लागत नाही, एवढं मला कळतं. तरी पर्स उघडली आणि काचेवर आलेलं ‘अक्का’ हे नाव, वाजणं थांबेपर्यंत बघत बसले. मग म्हटलं, फोन नाही तर कागद. झालेलं सगळं तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. आणि तुझ्याच एका कार्डाची गोष्ट तुलाच कळू नये, हे बरं दिसत नाही.

आधी तक्रार ऐकून घे, मग बाकीचं.

गेल्या पोळ्याच्या आधी तू हैदराबादहून परत येत होतास, तेव्हा मी अहमदपूरच्या स्टँडवर डबा घेऊन उभी होते. तू खिडकीतून हात काढून डबा घेतलास. तोंड पार उतरलेलं. काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणालास, “काय न्हाई अक्का, बसून बसून छाती आखडली. तिकडचं तेलकट खाल्लं ना.” घरी पोचलास की आधी डॉक्टरला दाखव, असं मी म्हणेपर्यंत तू मांडीवरची पिशवी उघडलीस. “हे बघ, टायमर घावला. लई दिवसांपासून हुडकून राहिलो होतो.” बस निघाली. टायमर दाखवलास, छाती दाखवली नाहीस. दुसऱ्याच्या मोटरीचा आवाज जरा बदलला तर तुला रस्त्यावरून कळायचा. स्वतःचा कसा कळला नाही रे?

त्याच आठवड्यात तू गेलास. माझ्याहून लहान असून गेलास. याचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

आपल्या नातेवाइकांना तुझा धंदा शेवटपर्यंत समजला नाही. समाधी दिली त्या दिवशीसुद्धा एक मामा मला विचारत होते, “मन्मथचं नेमकं काय होतं? भंगार का इलेक्ट्रिक?” मी म्हटलं, दोन्ही नाही. जी वस्तू करायची कंपनीने सोडून दिली, पण जिच्यावाचून कोणाची तरी मशीन अडून बसली आहे, ती वस्तू तो शोधून आणायचा. मामा म्हणाले, “म्हणजे भंगारच.” अशा वेळी वाद घालू नये म्हणून गप्प बसले. नाहीतर माझा स्वभाव तुला माहीत आहे.

लातूर जिल्हा झाला ते दिवस आठवतात तुला? मी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तर गावभर पेंटर शिडीवर चढलेले. शाळा, सोसायटी, दवाखाना, सगळ्यांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव बुजवून नवं लिहिणं चाललं होतं. तू नुकताच आयटीआय उरकून रिकामा होतास. नव्या जिल्ह्याला नव्या गिरण्या आल्या, नव्या पाणीयोजना आल्या, आणि त्यांना चालवणारी नवी पॅनेलं आली. पुण्या-मुंबईची माणसं यायची, लोखंडी कपाट उभं करायची, आतले दिवे लावून दाखवायची आणि चावी देऊन निघून जायची. तू त्यांच्या हाताखाली वायरी ओढायला जायचास. ती माणसं जेवायला बसली की तू कपाटात डोकं घालून बसायचास. आईला वाटायचं, पोरगं सावलीला बसतंय.

आमच्या अहमदपूरकडच्या गावांच्या पाणीयोजनेचं पॅनेल त्यातलंच. ते उभं राहिलं तेव्हा तू तिथे होतास. धरणाच्या विहिरीत पाणी किती आहे ते ओळखून पंप सुरू करायचा आणि पाणी खाली गेलं की बंद करायचा, एवढं काम करणारं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड त्यात आहे. तळहाताहून थोडं मोठं. ते तुला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. “अक्का, पानी आलं की टक् करतंय बघ,” असं तू मला सांगत आला होतास. लहान मूल पहिल्यांदा बोललं की लोक सांगतात ना, तसं.

पुढे जिल्हा जुना झाला आणि पॅनेलंही जुनी झाली. कंपनीने कार्ड करायचं बंद केलं. तू खेटे घालत पुण्याला गेलास, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, हे म्युझियमला द्या.” हे तू मला हसत सांगितलंस. पण त्या दिवशी तू दोन भाकरी कमी खाल्ल्यास, ते मी पाहिलं होतं.

तिथून तुझं हुडकणं सुरू झालं. हैदराबादचा जुना बाजार, देगलूरकडची बंद जिनिंग, आणि नांदेडच्या बंद पडलेल्या गिरणीचा तो लिलाव. इतर सगळे तांब्यावर तुटून पडले होते आणि तू कोपऱ्यातलं धुळीने भरलेलं कपाट मागितलंस. ते लोक तुला वेडा समजले. त्या रात्री तू माझ्याकडे उतरलास आणि माझ्या धुतलेल्या चादरीवर ती सगळी कार्डं मांडलीस.

“मन्मथ, ती चादर आहे. गॅरेज नाही.”

“अक्का, जमीन ओली हाय ना.”

“तुझ्या अंगाखाली घे मग ते. मी झोपू कुठे?”

“तू बस की जरा. ही बघ, सगळी एकाच घरची हायेत. हे थोरलं, हे मधलं.”

ग्रीसचा तो डाग अजून गेलेला नाही. सोडा लावला, लिंबू लावलं, काही झालं नाही. ती चादर मी टाकलेली नाही, पण ती तुझ्यासाठी ठेवली आहे असं समजू नकोस. कापड चांगलं आहे.

तुझे नियम किती चमत्कारिक होते! “मेलेलं दे, जितं ने.” नादुरुस्त कार्ड हातात आल्याशिवाय तू चालू कार्ड द्यायचा नाहीस, मग समोर कारखान्याचा साहेब उभा असो की गुऱ्हाळवाला. मी म्हणायचे, गिऱ्हाईक घाईत आहे, देऊन टाक. तर तू म्हणायचास, “मेलेलं आलं न्हाई तर उद्या मी जितं कशाचं करू?” मेलेली पाचसहा घेऊन त्यांतलं एक तू उठवायचास. तुझा सगळा धंदा त्यावर उभा होता. दोन जिल्ह्यांतली माणसं रुमालात मेलेली कार्डं बांधून तुझ्या दुकानाची पायरी चढायची.

आणि ती विभूती! चालू निघालेल्या कार्डाच्या पत्र्यावर तू विभूतीची बोटं ओढायचास. मी सांगितलं, चिठ्ठी लाव, रंग लाव, शिकल्यासारखं काहीतरी कर. तर म्हणे, “चिठ्ठी उन्हानं गळती. इबूत हमेशा हाताशी हाय. कपाळाला लावली, उरली ती कार्डाला.” सोमवारी दुकान बंद ठेवायचास, पण देवळातून आलास की शटर अर्धं उघडून आत बसायचास. बायकोला सांगायचास की सगळ्यांना लाईट पाजून येतो. मी ते थट्टेवारी घेतलं. महानंदा तर बिचारी खरंच समजायची की ही सोमवारची काहीतरी पूजा आहे.

सगळ्यात जास्त मी तुला देवणीच्या हौदावरून बोलले होते. विश्वनाथअप्पांची डाळीची गिरणी तू कितीदा तरी चालू करून दिलीस, तिथवर ठीक. पण त्यांच्या गोठ्यातल्या हौदावर तू चक्क ते कार्ड बसवलंस. एवढं शोधून आणलेलं, जिवापाड जपलेलं कार्ड, आणि काम काय, तर बैलांच्या हौदात पाणी भरलं की नळ बंद करायचा! तिथे पाच मिनिटांत प्लास्टिकचा तरंगता गोळा लावून भागलं असतं. आधीच्या एका पोळ्याला मी तुझ्याबरोबर गेले होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. अप्पांचे देवणीचे बैल झुली घालून उभे, आणि त्यांच्या शिंगांच्या वर भिंतीवर तुझ्या कार्डाचा डबा, त्यात एक लाल ठिपका जळतोय.

“बैलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोस काय?” मी विचारलं.

अप्पा मिशीत हसले. तू फक्त म्हणालास, “ऱ्हाऊ दे अक्का. त्याला इथं करमतं.”

मला वाटलं, दोस्ताचं कौतुक चाललंय. परतीच्या बसमध्ये, कार्डावर शेण उडेल म्हणून, अहमदपूरपर्यंत तुझं डोकं खाल्लं. तू शेंगा खात ऐकत होतास. तेव्हाच एका वाक्यात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तू सगळ्यांच्या वस्तू जोडून द्यायचास, आणि आपलं बोलणं मात्र हमेशा अर्धं सोडायचास.

असो. आता पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते.

तू गेल्यावर दुकानाचं काय करायचं ते मी ठरवून टाकलं. तुझा मुलगा बंगळुरूला रुळलाय, तो इकडे येणार नाही. महानंदाला तुझ्या कपाटातला एक शब्द कळत नाही. पत्र्याखाली नुसतं सामान तापत ठेवण्यात अर्थ नाही, असं मी तिला सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मी बघितलं नाही असं दाखवलं. गुढीपाडवा झाला की भंगारवाला येऊन सगळं वजनावर उचलणार, असं ठरलं.

मधे दसरा होऊन गेला होता. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, त्यामुळे महानंदाने दुकानात जाऊन तुझ्या हत्यारांची पूजा केली. एकटीने. खाली बसून, प्रत्येक वस्तू हातात घेऊन पुसली आणि कपाटातल्या झाडून सगळ्या वस्तूंना विभूती लावली. तुझी बोटं असायची तशीच, आडवी, व्यवस्थित. लक्षात येतंय का तुझ्या काय झालं ते? चालू, बंद, जळालेलं, फुटलेलं, सगळं एकजात जितं झालं.

हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. कळलं ते या उन्हाळ्यात.

उन्हाळा कसला आहे ते काय सांगू! लातूरला रेल्वेने पाणी आणताहेत. आमच्याकडे नळाला पाणी कधी येणार हे विचारायचं लोकांनी सोडलंय. योजनेच्या धरणात तळाचा चिखल आणि मधे थोडं पाणी. विहिरीत ते पाझरून येतं, तेवढंच उपसायचं, मग थांबायचं, पुन्हा पाझरू द्यायचं. अशा वेळी ते कार्ड गेलं. भरल्या धरणात इतकी वर्षं टकटक करत राहिलं, आणि नेमकं खरं काम आलं तेव्हा गेलं.

रशीद आणि त्याचा जोडीदार हाताने पंप चालवायला लागले. एकाने पाण्याकडे बघायचं, दुसऱ्याने बटनाशी उभं राहायचं. असं दिवसच्या दिवस कोण बघणार? एका दुपारी जोडीदाराचा डोळा लागला. पाणी संपलं, पंप कोरडाच फिरत राहिला, आणि दोनपैकी एका मोटरीचं वाइंडिंग जळून गेलं. उरली एक. तीही गेली तर त्या गावांना टँकरशिवाय काही नाही, आणि टँकर तरी भरणार कुठून? नवं पॅनेल मिळेल, पण मंजुरी, मागणी, बसवणं यात पावसाळा उजाडेल, असं वरून उत्तर मिळालं.

रशीद मेलेलं कार्ड रुमालात बांधून तुझ्या दुकानात आला. तुझा नियम तो विसरला नव्हता. त्या दिवशी मी तिथेच होते, भंगारवाल्यासाठी सामान वेगळं करत. “अक्का, एक जितं द्या,” म्हणाला. मी कपाट उघडलं. त्याच जातीची चांगली ओळभर कार्डं, आणि प्रत्येकावर विभूती. मला केवढा अभिमान वाटला तुझा! त्यातलं एक उचलून दिलं.

ते लागलं नाही. दुसरं नेलं, त्यातून धूर आला आणि पॅनेलचा फ्यूज उडाला. तिसरं न्यायला आला तेव्हा रशीदचं तोंड बघवत नव्हतं. तो म्हणाला, “अक्का, मन्मथभाईचं इबूत लावलेलं कधी खोटं निघालं न्हाई. हे काय होऊन राहिलं?”

महानंदा चहा घेऊन आली होती. तिने कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कप टेबलावर ठेवले.

“अक्का, ते मी लावलंय. दसऱ्याला. सगळ्यांनाच लावलं.”

एखाद्या मुलीने वर्गात असं काही सांगितलं असतं तर मी बोलले असते. पण नवऱ्याच्या प्रत्येक वस्तूला एकसारखं जपलं म्हणून कोणाला काय बोलणार? रशीदच म्हणाला, “भाभी, तुमी दुवा दिली सगळ्यांना. काम तेवढं एकानं करायचं व्हतं.” त्यावर ती रडता रडता हसली.

मग मी पदर खोचला. तुझ्या टेबलावरचं सगळं होतं तसंच होतं. वीज जोडली, दोन वायरी सोलल्या आणि महानंदाला म्हटलं, पेलाभर पाणी आण. पाण्यात वायरी बुडवल्या की कार्डाने टक् करायला पाहिजे, एवढी साधी परीक्षा. एकेक कार्ड लावत गेले. बुडव, काढ. बुडव, काढ. शेवटचं कार्ड लावलं, तेही मुकं.

“ह्यांनी शेवटी शेवटी दोन चालू करून ठेवली व्हती,” महानंदा म्हणाली. “मला दाखवली व्हती. ती बी गेली म्हणजे?”

“कोणती ते आता कळणार नाही.”

“सोमवारी ते लाईट पाजायचे ना सगळ्यांना. मी पूजा तेवढी करत राहिले अक्का. लाईट पाजायचं राहिलं.”

मन्मथ, तिने हे म्हटलं आणि माझ्या हातातली वायर हातातच राहिली. नववीच्या वर्गाला कितीदा फळ्यावर काढून दाखवलेलं मी. वीज साठवणारा कंडेन्सर वापरात असला तर टिकतो. नुसता पडून राहिला, त्यातून अशा पत्र्याखाली, की आतून सुकत जातो. तू सोमवारी पूजा करत नव्हतास, त्यांना मरू देत नव्हतास. आणि मग लगेच दुसरं आठवलं. शिंगांच्या वर, भिंतीवर, रात्रंदिवस जळणारा तो लाल ठिपका. “त्याला इथं करमतं.”

तू गेलास तर सोमवार चुकतील, हे तुला माहीत होतं का रे? म्हणून का एक कार्ड असं ठेवलंस, जिथे त्याला रोज काम मिळेल, पण ते काढून घेतलं तर कोणाचं काही अडणार नाही? खरंखोटं तूच जाणे. मी एवढं समजून घेतलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने उदगीर, तिथून देवणी. वाटेत एकच काळजी होती. अप्पांचा हौद या उन्हाळ्यात कोरडा पडला असणार. कोरड्या हौदावर कोण वीज जाळत बसेल? डबा काढून माळ्यावर टाकला असेल, तर आमचं सगळंच संपलं.

अप्पा गोठ्यातच होते. बरेच वाकलेत. अर्धे बैल चारा छावणीत पाठवलेत, दोनच दावणीला होते, तेही हाडं दिसणारे. हौदाच्या तळाला भेगा, त्यात वाळलेली पानं. मी वर पाहिलं. लाल ठिपका जळत होता.

“अप्पा, हौद तर कोरडा आहे.”

“कधीचाच. घागरीनं पाजतो मी जनावरांना.”

“मग हे चालू कसं ठेवलंत?”

“मन्मथ्यानं सांगितलं व्हतं. अप्पा, पानी असू दे न्हाई तर नसू दे, दिवा इजू द्यायचा न्हाई. लाईट गेली की मी येऊन बघतो, आली का न्हाई परत.” मग म्हणाले, “तो म्हनला व्हता, मी न्यायला येईन नाहीतर अक्का येईल. लई उशीर केलात अक्का.”

मी बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. अप्पांना काय वाटलं असेल कोण जाणे. तू माझं नाव सांगून ठेवलं होतंस. बसमध्ये एवढी बोलणी खाल्लीस, तरी मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.

मी काय झालं ते सांगितलं. अप्पांनी डबा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर आणला, आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

“मेलेलं आनलं का?”

“काय?”

“मेलेलं द्या, जितं न्या. का नियम बदलला?”

पर्समध्ये तुझ्या फोनशेजारी एक कार्ड रुमालात बांधून आणलं होतं. आणावं असं का वाटलं, सांगता येत नाही. ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग चालू कार्ड स्वतः काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. मागच्या बाजूला शेणाचे शिंतोडे उडालेले होतेच. त्या बाबतीत मी बरोबर होते, हे लक्षात ठेव.

काढायच्या आधी मी एकदा वायर पाण्याच्या तांब्यात बुडवून पाहिली होती. टक्. किती छोटा आवाज असतो रे तो. बैलाने कान हलवला.

आज पहाटे रशीदने ते पॅनेलमध्ये बसवलं. बाकीचं तुला वर लिहिलंच आहे. आजपासून त्या गावांना दिवसाआड का होईना, पण घागर भरायला मिळेल. मोटर वाचली. रशीद म्हणाला, आज पोटभर झोपतो.

आता मी काय करणार आहे ते ऐक, आणि मधे बोलू नकोस.

भंगारवाल्याला मी परत पाठवलं. तो कुरकुरला, पण आपल्याशी जास्त बोलून उपयोग नाही हे त्याच्या लवकर लक्षात आलं. तुझ्या मेलेल्या कार्डांचे कंडेन्सर मी एकेक करून बदलायला घेतलेत. हात थरथरतो, सोल्डरचा डाग नीट बसत नाही, चष्म्यावर धूर येतो. तरी आज एकाने अडखळत का होईना, टक् केलं. महानंदाने लगेच विभूतीची वाटी आणली. मी तिला सांगितलं, थांब, आधी आठवडाभर चालू दे, मग लाव. आता दर सोमवारी आम्ही दोघी शटर अर्धं उघडून बसणार आहोत. लाईट मी पाजीन, विभूती ती लावील, आणि लावायच्या आधी मला विचारील. असं ठरलंय.

पोळ्याला मी देवणीला जाणार आहे. हौदात पाणी असो वा नसो, अप्पांच्या भिंतीवर मी चालू कार्ड बसवीन आणि कोनाड्यातलं मेलेलं परत घेईन. तो ठिपका मी विझू देणार नाही.

आणि तुझा फोन मी रोज चार्ज करते. कालच एकाने नांदेडहून फोन करून विचारलं, मन्मथअप्पा आहेत का. नाहीत, असं मी म्हटलं. मग मी म्हटलं, काय पाहिजे ते सांगा, आणि येताना मेलेलं घेऊन या.

तुझी,
गिरिजाअक्का